आपण जरा बसू या

"तू पाहिलंस ना? मग दुपारी तेवढंच सांगायचं," ठमी म्हणाली, आणि उकडलेल्या अंड्याचं साल काढता काढता माझ्या तोंडून निघून गेलं, "मला त्यावर काही भाष्य करता येणार नाही." निघून गेलं म्हणजे अगदी शिंक यावी तसं. ठमी आधी हसली. तिला वाटलं, आई थट्टा करतेय. माझ्या नोकरीतल्या या वाक्याची आमच्या घरात पूर्वीपासून नक्कल चालायची. तिचे बाबा असताना तर आमटीत मीठ का नाही असं विचारलं तरी ते गळ्यात टाय असल्यासारखी मान ताठ करून हेच म्हणायचे, आणि ही खिदळत खुर्चीवरून खाली पडायची. पण मी हसले नाही. मी अंड्याकडे बघत राहिले, आणि मग तिचंही हसू गेलं. "काय म्हणालीस?" "काही नाही गं." "नाही, काय म्हणालीस तू आत्ता?" ठमी ही माझी एकुलती एक लेक. चाळिशीला टेकलेली, शाळेत गणित शिकवणारी, खरं नाव चांगलं भारदस्त असलेली. गेला महिनाभर ती माझ्याकडे राहतेय, एका बॅगेनिशी आणि डाव्या कानाचा पडदा फाटलेल्या अवस्थेत. तो कान माझ्या जावयानं फोडला, आणि ते होताना तिथे तिसरं माणूस फक्त मी होते. ठमीनं पोलिसांत तक्रार केली होती, आणि आज दुपारी तपास अधिकाऱ्यासमोर मला एवढंच सांगायचं होतं. कुणाही आईला, अगदी अंगठाबहाद्दर आईलासुद्धा, जे जमलं असतं ते. आणि माझ्या तोंडात मात्र ते वाक्य असं तयार बसलेलं, माझ्याआधी.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जेवणं झाली होती, मी हात धुऊन टॉवेल शोधत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, तर आत दोघांचं काहीतरी चाललं होतं. ओट्यावरच्या झाकणावरून, इतकी क्षुल्लक गोष्ट. झाकण नीट का लावत नाहीस. ठमी म्हणाली, तू लाव. आणि त्यानं उजव्या हाताचा पंजा पूर्ण उघडून तिच्या कानावर मारला. आवाज मोठा नव्हता. ओलं फडकं फरशीवर आपटल्यासारखा होता. ठमी ओट्याला धरून खाली बसली, तिची बोटं कानाशी, बोटांतून रक्ताची बारीकशी धार, आणि जावयानं वळून मला पाहिलं. आता अशा वेळी बाई काय करते? किंचाळते. हाताला लागेल ते फेकून मारते. लेकीवर आडवी पडते. मी दारात उभी, हात ओले, आणि माझा आवाज मला ऐकू आला. खालच्या पट्टीतला, गोड, घाई नसलेला आवाज. शेकडो नाक्यांवर, छातीला बंदूक लावणाऱ्या पोरांसमोर जो वापरला तोच. "आपण जरा बसू या का?" असं मी म्हणाले. कपाळ माझं! जावई खरोखरच बसला. खुर्ची ओढून बसला, कारण त्या आवाजापुढे भलेभले बसतात, हीच तर माझी ख्याती. आणि खाली बसलेल्या माझ्या पोरीनं उरलेल्या कानानं ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत दुखण्यापेक्षा आश्चर्यच जास्त होतं. मग मी तिला दवाखान्यात नेलं, सगळं व्यवस्थित केलं, व्यवस्थितपणात मला कोणी हरवू शकत नाही.

तोंडाला ही सवय कधी लागली ते मला पक्कं माहीत आहे. परराष्ट्र खात्यात मी परीक्षा देऊन लागले, आणि पहिली काही वर्षं नुसत्या मेजवान्या, स्वागतं, कोण कुणाच्या उजव्या हाताला बसणार याची डोकेफोड. मग एका आंतरराष्ट्रीय मदत संघटनेनं आमच्या खात्याकडे माणूस मागितला, आणि मी उसनी गेले ती तिथलीच झाले. काम सांगायला सोपं. जिथे लढाई चालू असेल तिथे दोन्हीकडच्या सेनापतींना भेटायचं आणि दार उघडून घ्यायचं. कधी औषधांच्या ट्रकांसाठी नाक्याचं, कधी तुरुंगाचं. तुरुंगात जाऊन कैद्यांना एकटं भेटायचं, त्यांना पाणी मिळतं का, पांघरूण मिळतं का, कोण मारतं, कशानं मारतं, ते विचारायचं आणि जे काय बोलायचं ते फक्त त्या सेनापतीच्या कानात, बंद खोलीत बोलायचं. बाहेर चकार शब्द नाही. आम्ही साक्ष देत नाही. कोर्टात नाही, वर्तमानपत्रात नाही, घरी नवऱ्याजवळ उशीवर डोकं टेकूनसुद्धा नाही. कारण आज आम्ही बोललो तर उद्या फाटक उघडत नाही, आणि आतल्या माणसाला उद्या पाणी हवं असतं. हे खोटं नाही, बरं का. मी आजही यासाठी कुणाशीही भांडेन. माझ्या गप्प बसण्यावर माणसं जगली आहेत, ती आता कुठेतरी नातवंडं खेळवत असतील. पण तोंड हे काही नळ नव्हे, की कामावर बंद केला आणि घरी येऊन सोडला. वर्षानुवर्षं बंद ठेवलं की ते आपोआप बंद राहायला शिकतं, आणि मग आपण त्याला उघड म्हणालो तरी ते आपल्याकडे परक्यासारखं बघतं.

एका तुरुंगाच्या फाटकाबाहेर बायका बसलेल्या असायच्या, सकाळपासून, पायाशी पिशव्या. आमची गाडी बाहेर पडली की उठायच्या. त्यातली एक माझ्या काचेला नाक लावून विचारायची, "बाई, भुवई तुटलेला, उंच, दिसला का हो?" दिसला होता. थोड्याच वेळापूर्वी त्यानं माझ्याशी बोलताना जांभई दिली होती, इतका तो जिवंत होता. पण घरच्यांना निरोप द्यायची परवानगी त्या वेळी मिळालेली नव्हती, आणि परवानगीशिवाय हो म्हटलं असतं तर आतल्या साऱ्यांच्या भेटी बंद. मी म्हणायची, "मावशी, मला सांगता येणार नाही." ती माझ्या डोळ्यांत बघून काही ओळखता येतं का ते शोधायची. मी डोळेही बंद ठेवायला शिकले, म्हणजे उघडे ठेवून. सुट्टीवर घरी आले की ठमी गळ्यात पडून विचारायची, "तिथे काय पाहिलंस?" मी म्हणायची, डोंगर. खूप डोंगर होते. तिच्या प्रत्येक चित्रात मग डोंगर, आणि डोंगराशेजारी मी, काडीसारखी. शाळेत बाईंनी विचारलं, आई काय करते, तर हिनं सांगितलं, माझी आई डोंगर बघायला जाते. तिचे बाबा मला हे सांगून पोट धरधरून हसले होते, मीही हसले होते. खरं तर रडायला हवं होतं. पोरीला वाढवलं तिच्या बाबांनी आणि माझ्या धाकट्या बहिणीनं. मी वर्षातून दोनदा येऊन खाऊ आणि डोंगर देऊन जायची.

"आई, मी काहीतरी विचारतेय," ठमी म्हणाली. अंडं माझ्या हातात तसंच होतं. मग मी सांगितलं. सांगायचंच होतं कधीतरी, पण असं नाही, बशीत टरफलं पडलेली असताना नाही. परवा जावयाचा फोन आला होता. "आई, एकदा भेटाल?" असं म्हणाला, मला तो आईच म्हणतो. आणि मी गेले. माझ्या धंद्यात भेटायला नाही म्हणत नाहीत. कुणालाच नाही. कोपऱ्यावरच्या त्या हॉटेलात काचेजवळ तो आधीच येऊन बसला होता, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. मी आधी त्याच्या पाठदुखीची चौकशी केली. असंच करतात, मुद्द्यावर लगेच यायचं नाही, माणसाला आधी माणूस म्हणून बसू द्यायचं. तो रडला. खरं रडला, खोटं रडणं मला लगेच कळतं. मग मी एकेक काढून घेतलं. ठमीची पुस्तकं आणि शिवणयंत्र तो पाठवून देणार, शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहणार नाही, रागावर इलाज करायला डॉक्टरकडे जाणार. सगळ्याला हो म्हणाला. आणि शेवटी, कपाकडे बघत, त्यानं त्याचं एक मागितलं. "आई, हे बाहेर जाऊ देऊ नका. तिथे तुम्ही एकट्याच होतात." मी म्हणाले, माझ्याकडून बाहेर जाणार नाही. तो म्हणाला, शब्द? मी म्हणाले, शब्द. आणि आम्ही हात मिळवला. त्याच हाताशी. घरी चालत येताना माझं पाऊल हलकं पडत होतं. काय सांगू, मी खूश होते! किती तरी दिवसांनी काहीतरी चांगलं जमलं, सगळं मिळवलं आणि दिलं फक्त माझं गप्प बसणं, जे मी आयुष्यभर देत आले, असं वाटलं होतं मला. ते माझं नव्हतं द्यायला, ठमीचं होतं, हे मला चालताना एकदाही सुचलं नाही.

ठमीनं सगळं ऐकून घेतलं. वर्गात एखाद्या पोरानं गणित कुठे चुकवलं ते शोधावं तसं शांतपणे. "चहा घेतलास त्याच्याबरोबर?" "हो." "पैसे कुणी दिले?" "त्यानं," मी म्हणाले आणि का कोण जाणे, याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटली. "तू कुणाच्या बाजूनं आहेस गं?" "ठमे, बाजू घेतली की दार बंद होतं. मी तुझ्यासाठी दार उघडं ठेवत होते." तेव्हा मात्र ती ओरडली. इतकी की शेजारच्यांचा रेडिओ बारीक झाला. "कुणाचं दार? आई, मला त्या दारातून परत जायचंच नाहीये! कुणासाठी उघडं ठेवतेस तू?" तुरुंगाच्या दारामागे नेहमी कोणीतरी असायचं, तहानलेलं, वाट बघणारं. या दारामागे कोण होतं? कोणीही नव्हतं. जे होतं ते माझ्यासमोर उभं होतं, एका कानात कापूस घालून. ती चप्पल घालून बाहेर पडली. जाताना म्हणाली, "मी एकटी जाते दुपारी. तू येऊ नकोस. तू आलीस तर तिथेही दोघांचं ऐकून घेशील."

थोड्या वेळानं बहिणीचा फोन आला. ठमी तडक तिच्याकडेच गेली असणार, लहानपणापासून काही लागलं-खुपलं की ती मावशीच्याच मांडीवर जायची. बहीण माझ्याहून लहान आणि मला टाकून बोलायला मुळीच न घाबरणारी. "अगं, तुझं डोकंबिकं फिरलंय का? त्या मेल्याला शब्द देऊन आलीस?" मी म्हणाले, अगं, ऐक तरी. "नाही ऐकत. जन्मभर तुझं ऐकलं. तू जगभरच्या पोरांना पांघरुणं वाटलीस, तेव्हा मी हिचा ताप उतरवत होते, आणि मी कधी एका शब्दानं बोलले नाही, कारण तू करत होतीस ते मोठंच होतं. पण आता ही तुझी पोर आहे गं. तुझी मोहीम नव्हे. तिला मार बसलाय आणि तू पाहिलंयस, आणि तरी तू मूग गिळून बसणार?" आणि तिनं फोन ठेवला. मी टेबल पुसलं. टरफलं टाकली. आरशात बघून, जुन्या सवयीनं, बैठकीला जाताना घालायचा तो निळा कोट घातला, आणि मग काढून ठेवला. त्या कोटात मी काहीच बोलले नसते. घरातल्या कपड्यांवरच खाली उतरून टॅक्सी केली.

अधिकाऱ्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक टेबल, पंखा, भिंतीला कपाट, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अधिकारी तरुण होता, त्याला सर्दी झाली होती, दर दोन वाक्यांनी रुमाल. ठमी आधीच बसलेली. मला बघून तिनं ना ये म्हटलं ना जा. मी खुर्ची ओढली. "तुम्ही आई? बोला, काय पाहिलंत?" आणि मी सुरू केलं, "सदर दिवशी दुपारच्या सुमारास दोघांमध्ये मतभेद झाल्याचं आणि त्यातून शारीरिक इजा पोचल्याचं निदर्शनास आलं." अधिकाऱ्यानं पेन थांबवलं. "मॅडम, कोणी मारलं?" इतकं साधं वाक्य, कर्ता, कर्म, क्रियापद. आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. माझ्या डोळ्यांसमोर फाटकं बंद होत होती, एकामागून एक, आत पाणी मागणारी माणसं ठेवून. "माझ्या जावयानं मारलं," मी म्हणाले. "माझ्या लेकीला. उजव्या हातानं, पंजा उघडून, डाव्या कानावर. मी दारात उभी होते. मी पाहिलं." ठमीनं मान खाली घातली. अधिकारी लिहीत होता. "नंतर तुमची त्यांची भेट झाली?" आणि खोटं बोलता आलं असतं. ठमीला त्यानं मदतच झाली असती. पण एकदा उघडलेलं तोंड मला अर्धं मिटता येईना. मी हॉटेल सांगितलं, शब्द दिल्याचं सांगितलं, हात मिळवल्याचंही सांगितलं. "असं?" अधिकारी नाक पुसत म्हणाला. "उद्या त्यांचा वकील म्हणेल, एवढं झालं असतं तर सासूबाई त्यांच्याबरोबर चहा प्यायला बसल्या असत्या का? तुम्हीच केस कच्ची केलीत, मॅडम." ठमी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे पाठ करून. मला तिची पाठ बघवेना.

"आणखी काही सांगायचंय?" त्यानं विचारलं. रीतीचा प्रश्न. हे विचारून माणसं कागद उलटतात. पण पंख्याच्या आवाजात ठमीला तो नीट ऐकू गेला नाही, आणि तिनं मान फिरवून चांगला कान आमच्याकडे केला, हनुवटी किंचित वर, डोळे अर्धे मिटलेले. आणि मी बोलायला लागले. मी म्हणाले, "एका शाळेचा तुरुंग केला होता. वर्गातले बाक तसेच होते. माझ्यासमोर एक मुलगा येऊन बसला, विशीतला, आणि असाच मान फिरवून ऐकत होता. मी मोठ्यानं बोलायला गेले तर म्हणाला, हळू बोला, मला तुमच्या ओठांवरून कळतं. त्यानं मला सांगितलं कोण मारतं. रायफलच्या दस्त्यानं, रोज संध्याकाळी, एकाच कानावर. मी ते बंद खोलीत त्यांच्या मेजरला सांगितलं, आणि मेजर म्हणाला, नक्की लक्ष घालतो. पुढच्या भेटीला त्या बाकावर दुसरा कोणी होता. मी विचारलं, तो कुठे आहे? म्हणाले, असा कोणी इथे नव्हताच. मी म्हणाले, होता. पुन्हा पुन्हा म्हणाले, पण त्याच खोलीत, दार लावून. बाहेर कुणालाही नाही. तो होता. तो बाकावर नखानं रेघा काढत होता. त्याचा पुढचा एक दात दुसऱ्या दातावर चढलेला होता. तो होता हे मी पाहिलंय, आणि हे आत्ता पहिल्यांदा कुणाला सांगतेय." अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं होतं. "मॅडम," तो चांगला माणूस होता, हळू बोलला, "हे मला इथे लिहिता येणार नाही." "माहीत आहे," मी म्हणाले.

"नका लिहू," खिडकीजवळूनच ठमी म्हणाली. "पण तिला बोलू द्या." मग ती आली, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मला हात लावला नाही. एवढंच म्हणाली, "कोण होता तो? नाव काय त्याचं?"

मी तोंड उघडलं. त्यानं स्वतः मला नाव सांगितलं होतं, बापाच्या नावासकट, दोनदा, मला नीट कळावं म्हणून प्रत्येक अक्षर सुटं सुटं करून. विसरू नका, असंही म्हणाला होता. मी त्याचा चेहरा बघत होते, दात बघत होते, रेघा बघत होते. नाव इतकी वर्षं मी कुणाला म्हणून दिलं नव्हतं, एकटीनं सांभाळलं होतं, झोपेतसुद्धा बोलून जाऊ नये म्हणून जपलं होतं. आणि ते तिथे नव्हतं. मी शोधलं. पुन्हा शोधलं. अधिकारी वाट बघत होता, ठमी वाट बघत होती.

"आठवत नाही गं," मी म्हणाले, आणि ठमीसमोर, त्या परक्या माणसासमोर, मोठमोठ्यानं रडायला लागले.